एका खुर्चीमागे पाच माणसं

सकाळी बातमी वाचावी की अमुक कंपनीनं हजारेक लोकांना घरी पाठवलं, आणि संध्याकाळी त्याच कंपनीची 'आम्ही भरती करत आहोत' अशी जाहिरात समोर यावी, हे आता कुणाला नवीन राहिलेलं नाही. वाचणारा मात्र दर वेळी चक्रावतो. माणसं जास्त झाली होती की कमी पडत होती?

याहून कोड्यात टाकणारा प्रकार २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपातल्या विमानतळांवर घडला. कोविडच्या काळात विमानं जमिनीवर होती, तेव्हा विमान कंपन्यांनी आणि विमानतळांवरच्या ठेकेदारांनी माणसं कमी केली. प्रवासी परतले तेव्हा विमानं होती, धावपट्ट्या होत्या, तिकिटं हातोहात खपत होती. नव्हते ते सामान चढवणारे आणि तपासणी करणारे हात. लंडनच्या हीथ्रो विमानतळानं जुलैत जाहीर करून टाकलं की दिवसाला एक लाखाहून जास्त प्रवासी इथून निघू शकणार नाहीत, आणि विमान कंपन्यांना आणखी तिकिटं विकू नका असं सांगितलं. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं असताना दुकानदारानंच शटर अर्ध्यावर ओढावं, तशातली गत. भरती चालू नव्हती असं नाही. पण विमानतळाच्या आतल्या भागात काम करणाऱ्याची मागच्या पाच वर्षांची पार्श्वभूमी तपासावी लागते, मग प्रशिक्षण, मग पास. जाहिरात दिल्यापासून तो माणूस पहिली बॅग उचलेपर्यंत काही महिने निघून जातात.

हे निघून जाणारे महिने, आणि काही कामांत निघून जाणारी वर्षं, यांचा हिशेब आधीच मांडून ठेवणं म्हणजे मनुष्यबळ नियोजन. इंग्रजीत वर्कफोर्स प्लॅनिंग म्हणतात. पुढे कोणतं काम किती असेल, त्याला कोणतं कसब असलेली किती माणसं लागतील, आज आपल्याकडे असलेल्यांपैकी तोवर किती उरतील, आणि जी तूट दिसते ती भरायला आज काय सुरू करावं लागेल, एवढे चार प्रश्न. चारही प्रश्न शाळकरी गणितासारखे वाटतात. उत्तरं मात्र भल्याभल्यांची चुकतात.

खुर्ची एक, माणसं किती?

एक खुर्ची आहे. नियंत्रण कक्षातली म्हणा, तातडीच्या मदतीच्या फोनसमोरची म्हणा. ती चोवीस तास, वर्षभर, एक मिनिटही रिकामी राहता कामा नये. तिच्यासाठी किती माणसं नेमाल?

बहुतेक जण पटकन 'तीन' म्हणतात. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. आता मांडून बघू. वर्षाचे तास ८,७६०. एक माणूस आठवड्याला ४० तास काम करतो, म्हणजे ५२ आठवड्यांत २,०८० तास. त्यातून वीस दिवस हक्काची रजा, दहा सुट्ट्या, सहा दिवस आजारपण आणि चार दिवस प्रशिक्षण असे ४० दिवस, म्हणजे ३२० तास वजा करा. उरले १,७६०. आता ८,७६० ला १,७६० नं भागलं की उत्तर येतं ४.९८. पाच माणसं! आणि यात पाळी बदलताना एकानं दुसऱ्याला काम समजावून देण्याची पंधरा मिनिटं धरलेलीच नाहीत.

तिघांवर भागवलं तर? खुर्ची रिकामी पडत नाही, आणि तीच खरी फसगत आहे. तिघं ती सांभाळतात. वर्षातला एकही दिवस न चुकवता प्रत्येकी आठवड्याला ५६ तास बसतात. ओव्हरटाइम वाढतो, रजा साचत जातात, प्रशिक्षण 'पुढच्या महिन्यात'वर जातं. वरच्या साहेबाला वाटतं, बघा, तिघांत होतंय की. मग एके दिवशी तिघांतला एक जण राजीनामा देतो आणि उरलेल्या दोघांच्या माथी ८,७६० तास येतात. या वेळी सगळे 'अचानक तुटवडा निर्माण झाला' म्हणतात. अचानक काहीच झालेलं नसतं. पहिल्या दिवसापासून दोन माणसं कमीच होती, फक्त त्याची किंमत तिघांच्या झोपेतून वसूल होत होती.

रिकामा बसलेला दिसतो तो

दुसरं उदाहरण ग्राहकसेवेच्या फोनचं. तासाला १८० फोन येतात, एकेक फोन सरासरी तीन मिनिटं चालतो. म्हणजे तासाला ५४० मिनिटांचं काम. एका माणसाची तासाला ६० मिनिटं, म्हणून नऊ माणसं पुरेत. बरोबर?

नऊ ठेवलीत तर रांग कधीच संपणार नाही. कारण फोन काही दर वीस सेकंदांनी एक असे शिस्तीत येत नाहीत. एका मिनिटात सात येतात, पुढच्या मिनिटात एकही नाही. ज्या मिनिटात कुणी रिकामं बसलं ते मिनिट वाया गेलं, साठवून नंतर वापरता येत नाही. आणि जी रांग साचली ती उपसायला जादा हात नाहीत.

हे गणित सोडवलं डेन्मार्कच्या आग्नर एर्लांग नावाच्या गणितज्ञानं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ते कामाला होते, आणि किती लाइनी, किती ऑपरेटर ठेवले तर लोकांना किती थांबावं लागेल, हाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता. १९०९ आणि १९१७ साली त्यांनी मांडलेलं गणित आजही कॉल सेंटरच्या सॉफ्टवेअरच्या पोटात असतं. आपल्या उदाहरणाला त्यांचं सूत्र लावलं (फोन केव्हाही येतात आणि कुणी कंटाळून फोन ठेवत नाही असं धरून), तर दहा माणसं असताना फोन करणाऱ्याला सरासरी दोन मिनिटं थांबावं लागतं. अकरा असतील तर सुमारे ३९ सेकंद. बारा असतील तर १६ सेकंद.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा, कारण सगळा खेळ इथेच आहे. दहाचे बारा केले की थांबणं एक सप्तमांशाहूनही कमी उरतं. पण बारा जण असताना प्रत्येकाचा सरासरी पाव वेळ रिकामा जातो. आता नवा व्यवस्थापक येतो, चक्कर मारतो, तीन जण गप्पा मारताना दिसतात. तो दोघांना कमी करतो. पगाराची बचत त्याच महिन्यात कागदावर दिसते. वैतागून निघून गेलेली गिऱ्हाइकं कुठल्याच कागदावर दिसत नाहीत. रिकामा वेळ म्हणजे आळस, ही समजूत इतकी घट्ट आहे की अग्निशमन दलाचा अपवाद सोडला तर कुठेच ती सैल होत नाही. तिथे मात्र जवान बसलेले दिसले की आपल्याला बरं वाटतं.

गळकी टाकी

आतापर्यंत माणसं टिकून राहतात असं धरलं. तशी ती राहत नाहीत. लोक सोडून जातात, निवृत्त होतात, आजारी पडतात, बदलून जातात. या सगळ्याला मिळून गळती म्हणतात, आणि टाकीतल्या पाण्याचा नियम तिला तंतोतंत लागू पडतो: पातळी राखायची तर जेवढं गळतं तेवढं नळातून यायला हवं.

किती गळतं ते काढायला एक सोपा नियम आहे. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी तो १९६१ साली सिद्ध केला, आणि तो दुकानातल्या रांगेपासून गोदामातल्या मालापर्यंत सगळीकडे चालतो. आतली संख्या म्हणजे दर वर्षी येणारे गुणिले सरासरी मुक्काम. संस्थेत हजार माणसं आहेत आणि माणूस सरासरी पाच वर्षं टिकतो, तर दर वर्षी २०० माणसं भरावीच लागणार. वाढीसाठी नव्हे, नुसतं आहे तिथे राहण्यासाठी. मुक्काम पाचाचा चार वर्षांवर आला की २०० चे २५० होतात. वर दहा टक्के वाढही हवी असेल तर आणखी १००. दहा जणांना नेमणूकपत्र दिलं आणि सातच रुजू झाले असं मानलं, तर या ३५० माणसांसाठी ५०० पत्रं. त्याच्या कितीतरी पट मुलाखती. हा आकडा ऐकल्यावर भरती विभागात माणसं का कमी पडतात ते कळतं, आणि हे काम गरज पडल्यावर उरकू असं म्हणणाऱ्यांची कीवही येते.

सरासरी मात्र जपून वापरायची. पाच वर्षं सरासरी म्हणजे सगळे पाच वर्षांनी जातात असं नव्हे. बऱ्याच ठिकाणी नवी माणसं पहिल्या वर्षातच भराभर गळतात आणि जी त्यातून तरली ती वीस वर्षं हलत नाहीत. अशा ठिकाणी नळ मोठा करून उपयोग नाही, पहिल्या वर्षी काय बिनसतं ते बघायला हवं. आणि खर्च कमी करायला सरसकट स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली की पहिल्यांदा कोण उठतं? ज्याला बाहेर मागणी आहे तो. म्हणजे जे टिकवायचे तेच हातचे जातात, तेही आपल्याच पैशानं.

पहिलीचा वर्ग रिकामा ठेवला तर

आता यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. समजा एका शाळेनं ठरवलं की पैसे कमी आहेत, यंदा पहिलीला प्रवेश द्यायचे नाहीत. यंदा पहिलीचा वर्ग रिकामा. पुढच्या वर्षी दुसरीचा. नंतर तिसरीचा. ती एक पोकळी वर्षाला एक इयत्ता चढत दहा वर्षं शाळेतून फिरते, आणि ज्या वर्षी ती दहावीत पोचते तेव्हा निर्णय घेणारे मुख्याध्यापक बहुधा कधीच निवृत्त झालेले असतात.

संस्थांमध्ये हुबेहूब हेच होतं. मंदीत 'भरती बंद' हा सगळ्यात कमी दुखणारा निर्णय, कारण त्यात कुणाला काढावं लागत नाही, कुणी रडत नाही, बातमीही होत नाही. पाच वर्षं भरती बंद ठेवली की पंधरा वर्षांनी तिथे नवखे आहेत, निवृत्तीला आलेले आहेत आणि मधली फळी गायब आहे. ज्यांनी वरची जबाबदारी घ्यायची, ते कधी आत आलेच नव्हते.

उलटी चूकही तितकीच महाग पडते: एकदम भरती. याचं जगातलं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियंत्रकांचं. ऑगस्ट १९८१ मध्ये सुमारे १३,००० नियंत्रक संपावर गेले. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि न परतलेल्या ११,००० हून अधिक जणांना एका फटक्यात बडतर्फ केलं. संप योग्य की बडतर्फी योग्य, या वादात मी पडत नाही. आपल्याला पुढचं बघायचंय. रिकाम्या जागा भरायला पुढच्या काही वर्षांत हजारो तरुणांची भरती झाली, आणि ती सगळी जवळपास एका वयाची होती, कारण तिथल्या नियमानुसार वयाच्या ३१ च्या आत लागावं लागतं. ५६ व्या वर्षी सक्तीची निवृत्ती. वीस वर्षं सेवा झाली असेल तर पन्नाशीला, किंवा पंचवीस वर्षं झाली असतील तर कुठल्याही वयात, पेन्शन घेऊन बाहेर पडता येतं.

आता बोटांवर मोजा. १९८२ मध्ये पंचविसाव्या वर्षी लागलेला नियंत्रक २००७ मध्ये पन्नाशीचा होतो. म्हणजे एकाच हंगामात पेरलेलं सगळं पीक एकाच हंगामात कापणीला येणार, हे पेरणीच्या दिवशीच ठरलेलं होतं. यात भाकीत कसलं? जन्मतारखा फायलीत लिहिलेल्या असतात! तरीही तिथल्या हवाई वाहतूक प्रशासनाचा दहा वर्षांचा आराखडा आला तो २००४ च्या अखेरीस, लाट दारात आल्यावर. आणि नवा नियंत्रक स्वतंत्रपणे काम करण्याइतका तयार व्हायला दोन ते चार वर्षं लागतात.

डोकी मोजली, हात मोजायचे राहिले

मी काही वर्षं एका कारखान्याच्या कार्मिक विभागात होतो. तिथे धातूचे भाग तापवून कडक करायची एक भट्टी होती. पॅनलवर तापमानाचा आकडा झळकायचा. पण तिथले सर्वांत जुने कामगार, ज्यांना सगळे काका म्हणत, आकड्याकडे बघायच्या आधी झरोक्यातून आतला रंग बघायचे. आकडा बरोबर आणि रंग चुकीचा असेल तर ते भट्टी थांबवायचे, आणि बहुतेक वेळा तापमापकच बिघडलेला निघायचा.

आमच्या तक्त्यात त्या विभागापुढे लिहिलं होतं: मंजूर पदं सहा, भरलेली सहा, रिक्त शून्य. सगळं हिरवं. एकदा कंटाळा आला म्हणून मी ती यादी नावांऐवजी जन्मवर्षानं लावली. सहापैकी चौघं तीन वर्षांच्या आत निवृत्त होणार होते. उरलेले दोघं कागदावर त्याच पदाचे, पण त्यांनी रात्रपाळीत एकट्यानं भट्टी कधी चालवलीच नव्हती. मी यादी घेऊन साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, रिक्त पद नाही तर भरती कशी काढू? नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. माणूस गेल्याशिवाय जागा रिकामी होत नाही, आणि जागा रिकामी झाल्यावर शिकवायला माणूस उरत नाही.

याच चुकीची मोठी आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये दिसली. कोविडमुळे बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला आणि अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याची जुनी संगणक यंत्रणा कोलमडू लागली. ती होती कोबोल या १९५९ साली आकार घेतलेल्या संगणकभाषेत. राज्यपालांनी जाहीर पत्रकार परिषदेत कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना मदतीला बोलावलं. संगणक येणारे लाखो होते. हे संगणक येणारे नव्हते.

सुरुवातीच्या कोड्याचं निम्मं उत्तर इथे आहे. कपात आणि भरती एकाच वेळी होऊ शकते, कारण जी माणसं जास्त आहेत आणि जी कमी आहेत ती एकमेकांच्या जागी बसवता येत नाहीत. निम्मं म्हणतोय, कारण दुसरा प्रश्न उरतोच: बसवता येत नाहीत, की बसवायचा प्रयत्न केला नाही? दोन वर्षं आधी शिकवायला घेतलं असतं तर कदाचित बसवता आली असती. कपातीच्या पत्रात या दोन वर्षांचा उल्लेख कधीच नसतो.

पण पुढचं कुणाला कळतं?

हा आक्षेप रास्त आहे, आणि इतिहास आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूनं आहे. १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये विलिंक समितीनं हिशेब मांडून सांगितलं की पुढे डॉक्टर जास्त होतील, तेव्हा वैद्यकीय प्रवेश सुमारे एक दशांशानं कमी करा. लोकसंख्या अंदाजापेक्षा जास्त वाढली, देश सोडून जाणारे डॉक्टरही जास्त निघाले, आणि काही वर्षांतच डॉक्टर कमी पडू लागले. भारत-पाकिस्तानातून गेलेल्या डॉक्टरांनी तिथली रुग्णालयं चालवली, त्यामागे ही चूकही आहे. अमेरिकेत १९८० मध्ये अशाच एका समितीनं इशारा दिला की २००० सालापर्यंत १ लाख ४५ हजार डॉक्टर जास्तीचे होतील. २००६ मध्ये तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना प्रवेश तीस टक्क्यांनी वाढवा म्हणत होती.

मग नियोजन सोडून द्यायचं? माझ्या मते या समित्यांनी अंदाज चुकवला हा दोष छोटा. मोठा दोष हा की एकाच अंदाजावर सगळा डाव लावला. तज्ज्ञ डॉक्टर तयार व्हायला दहा-बारा वर्षं जातात; इतक्या लांबच्या गोष्टीचा एकच आकडा देणं म्हणजे दहा वर्षांनंतरच्या एखाद्या मंगळवारी पाऊस पडेल का ते सांगणं. शहाणी माणसं दोन-तीन चित्रं रंगवतात: काम याच वेगानं वाढलं तर, घटलं तर, वेगळ्याच दिशेला गेलं तर. आणि मग शोधतात की तिन्ही चित्रांत कामाला येईल असं काय आहे. शेल या तेल कंपनीनं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत नावारूपाला आणली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेनं २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा आराखडा काढला तेव्हा २०३६-३७ पर्यंतची संभाव्य तूट २ लाख ६० हजार ते ३ लाख ६० हजार अशी दिली. वरच्या आणि खालच्या टोकात एक लाखाचं अंतर. काहींना ती पळवाट वाटेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. अर्थात असा आराखडा दर वर्षी उघडून दुरुस्त केला तरच. एकदा छापून कपाटात ठेवला की तोही विलिंकच्या वाटेनं जातो.

आणखी एक. सगळंच काही अंधारात नसतं. काम किती असेल हे कळणं अवघड, पण माणसं किती उरतील हे बऱ्यापैकी कळतं. जन्मतारखा बदलत नाहीत, मागच्या पाच वर्षांची गळती फायलीत असते, प्रशिक्षणाला किती वेळ लागतो हे शिकवणाऱ्याला ठाऊक असतं. निम्मा हिशेब उजेडातला आहे, आणि तो निम्माही बहुतेक ठिकाणी केलेला नसतो.

लागतील तेव्हा घेऊ की!

तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच, पण खणणाऱ्याची बाजूही ऐकून घेऊ. तो म्हणतो, बाजारात माणसं आहेत, जास्त पगार दिला की येतात; आधीपासून पोसत कशाला बसू? ज्या कामाला आठवड्याभरात शिकता येतं तिथे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. हंगामी कामासाठी तीन वर्षांचा आराखडा काढणं हा निव्वळ कागदांचा सोस.

घोटाळा तिथे होतो जिथे सगळेच असं म्हणतात. आज अभियंते कमी आहेत म्हणून पगार चढतात. चढलेले पगार बघून मुलं अभियांत्रिकीला गर्दी करतात. चार वर्षांनी ती सगळी एकदम बाहेर पडतात तेव्हा बाजार भरून वाहतो, पगार घसरतात, मुलं पाठ फिरवतात, आणि आणखी चार वर्षांनी पुन्हा तुटवडा. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या बाबतीत हा झोका आकडेवारीनिशी दाखवला होता. शेतीमालाच्या भावात हे सगळे ओळखतात. भाव चढला म्हणून सगळ्यांनी तेच पेरलं की काय होतं, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र दर वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं.

एआय आल्यावर माणसं कशाला मोजायची?

२०१६ मध्ये एआयच्या क्षेत्रातले दिग्गज जेफ्री हिंटन म्हणाले होते की क्ष-किरणतज्ज्ञ, म्हणजे रेडिओलॉजिस्ट, शिकवणं आता थांबवावं, कारण पाच वर्षांत यंत्र त्यांच्याहून चांगलं काम करेल. हिंटन यांना पुढे २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा त्यांना विषय कळत नव्हता असं कुणी म्हणणार नाही. यंत्रं खरोखरच सुधारली. तरी रेडिओलॉजिस्टची टंचाई आजही आहे, आणि आपण फार सरसकट बोललो हे त्यांनी स्वतः पुढे मान्य केलं. त्यांचं ऐकून कुणी शिकवणं थांबवलं असतं तर आज पहिलीच नव्हे, दुसरी-तिसरीही रिकामी असती.

झालं काय? काम आणि नोकरी यांत गल्लत झाली. फोटोतला डाग ओळखणं हे एक काम. नोकरीत अशी पंधरा-वीस कामं असतात: कुणाचा कोणता फोटो काढायचा ते ठरवणं, जुन्या फोटोशी ताडून बघणं, शस्त्रक्रिया करणाऱ्याशी बोलणं, निर्णयावर सही करून जबाबदारी घेणं. यंत्र काही कामं उचलतं, काही स्वस्त करतं, आणि स्वस्त झालेल्या गोष्टीची मागणी पुष्कळदा वाढते. म्हणून नियोजन करणारे आता पदं मोजण्याऐवजी प्रत्येक पदातली कामं सुटी करून बघतात: कोणतं यंत्राकडे जाईल, कोणतं उरेल, कोणतं नव्यानं येईल.

मला यातली एक गोष्ट मात्र खरोखर धास्ती देते. यंत्राकडे पहिल्यांदा जातात ती नवख्यांची कामं: पहिला मसुदा, साधी तपासणी, माहिती गोळा करणं. नवखे घेणं परवडत नाही असं प्रत्येक संस्था आपापल्या हिशेबानं ठरवते आहे. प्रत्येकीचा हिशेब बरोबरही असेल. पण ज्येष्ठ माणूस म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा नवखाच, दुसरीकडून कुठून येत नाही.

आपल्या ऑफिसात बघायचं तर

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, दहा-वीस जणांच्या ऑफिसात तर नाहीच. एक कोरा कागद घ्या. ज्यांच्यावाचून काम अडेल अशी पाच-सात कामं डावीकडे लिहा. प्रत्येकापुढे, ते आज एकट्यानं करू शकणाऱ्यांची नावं. त्यापुढे, नवा माणूस तिथवर यायला किती महिने लागतात. एकाच कामापुढे एकच नाव असेल आणि महिने बारापेक्षा जास्त असतील, तर त्या ओळीखाली लाल रेघ मारा. पदांच्या तक्त्यात ही ओळ हिरवीच दिसत असते.

आमच्या कारखान्यात ती रेघ मारायला उशीर झाला होता. चौघं ठरल्याप्रमाणे निवृत्त झाले. सहा महिन्यांत भट्टीतून निघालेला माल इतका परत येऊ लागला की साहेबांनी काकांना ठेक्यावर परत बोलावलं, आधीच्या पगारापेक्षा जास्त पैसे देऊन. काका आले. पैशाचं नंतर बोलू म्हणाले, आधी हाताखाली दोन पोरं द्या. साहेबांनी विचारलं, काम तर एकाचंच आहे, दोन कशाला?

"एक जाणार की," काका म्हणाले.